उत्तर ठाऊक नसलेल्या जागा : चेन निंग यांग यांच्या निवडक शोधनिबंधांचा सटीप संग्रह

शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांचे संग्रह बहुधा गौरवापोटी निघतात आणि ग्रंथालयाच्या कपाटात मानाने उभे राहतात. ते कोणी पहिल्या पानापासून वाचावेत अशी प्रकाशकाचीही अपेक्षा नसते. भौतिकशास्त्रज्ञ चेन निंग यांग यांचा ‘सिलेक्टेड पेपर्स १९४५–१९८० विथ कॉमेंटरी’ हा संग्रह मात्र वाचण्याजोगा आहे, आणि तो त्यातील शोधनिबंधांमुळे जितका आहे त्याहून अधिक यांग यांनी स्वतः त्यांच्यावर लिहिलेल्या टिपणांमुळे आहे. डब्ल्यू. एच. फ्रीमन या प्रकाशनसंस्थेने तो १९८३ मध्ये प्रथम काढला आणि पुढे सिंगापूरच्या वर्ल्ड सायंटिफिकने २००५ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण केले. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९९९ मध्ये, यांग यांच्या निवृत्तीनिमित्त न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठात केलेल्या भाषणात, हे आपल्या आवडत्या पुस्तकांपैकी एक असल्याचे सांगितले होते. (हे डायसन पहिल्या प्रकाशकाचे कोणी नव्हेत, नावातील साम्य केवळ योगायोगाचे आहे.) यांग यांचे ऑक्टोबर २०२५ मध्ये बीजिंग येथे वयाच्या १०३ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी त्यांच्याच शब्दांतील हा हिशेब पुन्हा उघडून पाहण्यासारखा आहे.

पुस्तकाची मांडणी प्रथमदर्शनी अडचणीची वाटते. सर्व टिपणे सुरुवातीला एकत्र दिली असून त्यांची पाने शंभरही भरत नाहीत. त्यानंतर निबंध कालक्रमाने येतात. प्रत्येक निबंधाला वर्ष आणि अक्षर यांचा एक खूणक्रमांक दिला आहे, त्यामुळे टिपण वाचताना पुढे जाऊन निबंध शोधायचा आणि पुन्हा मागे यायचे, अशी कसरत वाचकाला सतत करावी लागते. टिपण त्या त्या निबंधाच्या आधी छापले असते तर ही उलटापालट टळली असती. तरीही सलग वाचली असता या टिपणांचे आपोआप एक आत्मचरित्र तयार होते, आणि यांग यांनी वेगळे आत्मचरित्र लिहायला घेतले असते तर ते इतके आटोपशीर झाले असते असे वाटत नाही.

यांग यांचा जन्म १९२२ मध्ये आन्हुई प्रांतातील हफेई येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक होते व त्यांनी शिकागोत डॉक्टरेट मिळवली होती. मुलाचे बालपण बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठाच्या आवारात गेले. जपानी आक्रमणानंतर कुटुंब कुनमिंगला गेले आणि तेथील युद्धकालीन संयुक्त विद्यापीठात, अत्यंत तुटपुंज्या साधनांत, त्यांचे शिक्षण झाले. समूह सिद्धांताची (सममितीच्या गणिताची) ओळख वडिलांकडून आणि सांख्यिकी यामिकीची (असंख्य कणांच्या सामूहिक वर्तनाच्या शास्त्राची) वांग झुशी या गुरूंकडून झाली. पुढील आयुष्यभराचे काम याच दोन विषयांभोवती फिरले, हे टिपणे वाचताना पुन्हा पुन्हा ध्यानात येते. १९४५ मध्ये अमेरिकेला जाताना ते कुनमिंगहून विमानाने कलकत्त्यास आले आणि सैनिकी जहाजावर जागा मिळेपर्यंत तेथेच थांबले. महायुद्ध नुकतेच संपलेल्या कलकत्त्यात ताटकळणारा हा तरुण नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला पोहोचला तो भौतिकशास्त्रज्ञ एनरिको फर्मी यांचा शोध घेत. फर्मी कोलंबिया विद्यापीठात नव्हते. प्रिन्स्टनमध्ये सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ युजिन विग्नर रजेवर निघाले होते. अखेर फर्मी शिकागोला येणार असल्याचे कळल्यावर यांग यांनी तेथे नाव घातले.

शिकागोतील भाग या पुस्तकातील सर्वांत प्रसन्न भागांपैकी आहे. यांग यांना प्रायोगिक भौतिकशास्त्रात पदवी मिळवायची होती, म्हणून ते सॅम्युअल ॲलिसन यांच्या प्रयोगशाळेत त्वरकावर, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर, काम करू लागले. त्यांचा हात प्रयोगाला इतका अनुकूल नव्हता की, जिथे धमाका तिथे यांग, अशा अर्थाची यमकबद्ध थट्टा प्रयोगशाळेत रूढ झाली. शेवटी एडवर्ड टेलर यांनी प्रायोगिक प्रबंधाचा हट्ट सोडून सैद्धांतिक निबंधच प्रबंध म्हणून सादर करण्याचे सुचवले आणि १९४८ मध्ये यांग यांनी त्यावर पदवी घेतली. या निर्णयाने आधी खट्टू झालो आणि मग मोकळे वाटले, हे ते सरळपणे नोंदवतात. फर्मी यांच्यासोबत १९४९ मध्ये लिहिलेल्या निबंधावरील टिपणही असेच बोलके आहे. मेसॉन नावाचे कण मूलकण आहेत की न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) आणि प्रतिन्यूक्लिऑन यांची जोडी आहे, अशी शंका त्या निबंधात मांडली होती. ती खरी ठरेल असे दोघांनाही फारसे वाटत नव्हते आणि यांग निबंध बाजूला ठेवावा या मताचे होते. पण प्रश्न सोडवणे हे विद्यार्थ्याचे काम असले तरी प्रश्न उपस्थित करणे हे संशोधकाचे काम आहे, अशी फर्मी यांची धारणा होती. निबंध शीर्षकात प्रश्नचिन्ह घेऊनच ‘फिजिकल रिव्ह्यू’त छापला गेला.

१९५२ मधील द्विमितीय आयझिंग प्रतिमानावरचा, म्हणजे चुंबकाच्या एका सोप्या गणिती प्रतिमानावरचा, निबंध पाहताना सामान्य वाचक पाने उलटत पुढे जाईल, पण टिपण मात्र त्याने चुकवू नये. लार्स ऑनसागर यांची अवघड उकल ब्रुरिया कॉफमन यांनी सोपी केल्याचे यांग यांना प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेकडे जाणाऱ्या लहान बसमध्ये जोआकिन लटिंजर यांच्याकडून कळले. त्यातून सुरू झालेली स्वयंस्फूर्त चुंबकत्वाची आकडेमोड सुमारे सहा महिने चालली, आणि आपल्या कारकिर्दीतील ती सर्वांत लांब आकडेमोड होती असे ते म्हणतात. वाटा बंद होणे, नवी युक्ती सुचणे, पुन्हा अडणे असे चालता चालता अखेरीस पदांमागून पदे एकमेकांना छेदून जातात आणि एक अष्टमांश घातांकाचे साधे उत्तर हाती येते. छापील निबंधात यातील कशाचाच मागमूस नाही. पुढे याच विषयाशी निगडित, सहकारी त्सुंग-दाओ ली यांच्यासह केलेल्या कामाबद्दल आइन्स्टाइन यांनी यांग यांना बोलावून घेतले. पण त्यांचा हळू आवाज आणि स्वतःचे दडपण यांमुळे त्या संभाषणातून फारसे काही हाती लागले नाही, ही कबुलीही येथे आहे. आइन्स्टाइन यांच्या भेटीचे असे निरलंकृत वर्णन दुर्मीळ म्हणावे लागेल.

पुस्तकाचे सत्त्व १९५४ च्या यांग–मिल्स निबंधावरील टिपणात आहे. विद्युतचुंबकीय सिद्धांतात कणाच्या तरंगाची कला (म्हणजे तरंगाच्या चक्रातील अवस्था) प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे बदलण्याची मुभा दिली, की क्षेत्राचे अस्तित्व आपोआप आवश्यक ठरते. हाच विचार प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना जोडणाऱ्या आयसोस्पिन या गुणधर्माला लावता येईल का, हा प्रश्न यांग यांच्या मनात शिकागोतील विद्यार्थिदशेपासून होता. प्रत्येक वेळी ते त्याच पायरीवर अडत. क्षेत्राची तीव्रता जुन्या सूत्रानुसार लिहिली की पुढची समीकरणे विद्रूप होत आणि काम बाजूला पडे. १९५३–५४ मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेत रॉबर्ट मिल्स हे तरुण सहकारी त्यांच्याच खोलीत बसत होते. त्या सूत्रात विभवांच्या (ज्यांवरून क्षेत्र काढतात त्या राशींच्या) गुणाकाराचे एक अधिक पद घालावे लागते हे दोघांच्या लक्षात आले आणि गुंता सुटला. मिल्स यांच्या वाट्याचा उल्लेख यांग मोकळ्या मनाने करतात.

यानंतर फेब्रुवारी १९५४ मधील प्रिन्स्टनच्या व्याख्यानाचा प्रसंग येतो. यांग यांनी फळ्यावर पहिले समीकरण लिहिताच ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांनी या क्षेत्राचे वस्तुमान किती, असे विचारले. आम्हाला ठाऊक नाही, असे यांग म्हणाले. थोड्या वेळाने पाउली यांनी तोच प्रश्न पुन्हा केला. प्रश्न गुंतागुंतीचा आहे व निश्चित निष्कर्ष निघालेला नाही, या उत्तरावर ही सबब पुरेशी नाही असे ते कडाडले. यांग क्षणभर गोंधळले आणि चक्क खाली बसले. संस्थेचे संचालक ओपेनहायमर यांनी यांग यांना बोलू द्यावे असे सुचवल्यावर व्याख्यान पुढे सरकले आणि पाउली पुन्हा बोलले नाहीत. पाउली यांनी हाच मार्ग आधी स्वतः चाचपून पाहिला होता आणि वस्तुमानाच्या अडचणीपाशीच ते थांबले होते, हे माहीत असले की या प्रसंगाला वेगळीच धार येते. यांग आणि मिल्स यांनी मात्र कल्पना सुंदर आहे म्हणून ती प्रसिद्ध करायची, हे ठरवले. वस्तुमानाचा प्रश्न निबंधाच्या अखेरीस उघडाच राहिला, तो सुटायला पुढची दोन दशके आणि इतर अनेकांची बुद्धी लागली, आणि आज मूलकणांच्या प्रमाण प्रतिमानाचा सांगाडा याच समीकरणांवर उभा आहे. आपल्याला उत्तर येत नव्हते ती जागा यांग जराही सारवासारव न करता दाखवतात, आणि माझ्या मते पुस्तकाचे खरे मोल अशाच जागांत आहे.

१९५६ च्या पॅरिटीविषयक, म्हणजे आरशातील सममितीविषयक, निबंधावरील टिपण वाचताना मात्र सावध राहिले पाहिजे. थीटा आणि टाऊ या नावांच्या दोन कणांचे वस्तुमान आणि आयुर्मान सारखे होते, परंतु एकाचे दोन पायॉनांत आणि दुसऱ्याचे तीन पायॉनांत विघटन होई. आरशातील प्रतिबिंबाचे नियम मूळ जगासारखेच असतात हे गृहीत धरले तर ते दोन भिन्न कण मानणे भाग होते. ली आणि यांग यांनी दाखवून दिले की हे गृहीतक प्रबळ आणि विद्युतचुंबकीय आंतरक्रियांत उत्तम रीतीने तपासले गेले असले, तरी क्षीण आंतरक्रियांत, म्हणजे बीटा क्षयासारख्या घटनांत, ते कोणत्याच प्रयोगाने तपासलेले नव्हते; आणि ते तपासावे कसे, हेही त्यांनी सांगितले. त्यांनी निबंधाला प्रश्नार्थक शीर्षक दिले होते, परंतु शीर्षकात प्रश्नचिन्ह नको म्हणून संपादकांनी ते बदलायला लावले. सात वर्षांपूर्वी फर्मी आणि यांग यांचे प्रश्नचिन्ह त्याच नियतकालिकाने बिनतक्रार छापले होते, त्यामुळे ही हकीकत या संग्रहात वाचताना हसू येते. प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू यांनी अतिशीत कोबाल्ट-६० वर केलेल्या प्रयोगाने जानेवारी १९५७ मध्ये उत्तर दिले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ली आणि यांग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वू यांना त्यात वाटा मिळाला नाही. प्रयोगाची निकड इतर कोणाला भासत नसताना वू यांनी ती ओळखली, याचे श्रेय यांग त्यांना स्पष्टपणे देतात.

अडचण आहे ती ली यांच्याविषयी. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि १२५ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर गाडी लावून, उपाहारगृहे अजून उघडली नव्हती म्हणून जवळच्या व्हाइट रोज कॅफेत बसून झालेल्या चर्चेत निर्णायक कल्पना आपल्याला सुचली, असे यांग येथे लिहितात. ली यांना हे मान्य नव्हते. दोघांची मैत्री १९६२ मध्ये कायमची तुटली. श्रेय आणि निबंधांवरील नावांचा क्रम हे त्यामागचे उघड विषय होते. वीस वर्षे मौन पाळल्यानंतर यांग यांनी या टिपणात आपली बाजू मांडली, आणि ती तपशिलांनी इतकी भरलेली आहे की वाचकाला ती निकालपत्रासारखी वाटू लागते. एरवी स्वतःच्या चाचपडण्याविषयी इतका दिलखुलास असणारा हा लेखक येथे एकदाही अडखळत नाही, आणि हीच गोष्ट मला खटकते. सहकार्य जितके घट्ट, तितके कोणती कल्पना कोणाची हे ठरवणे कठीण, ही शक्यता ते विचारातच घेत नाहीत. ली यांचे निबंध बिर्कहाउझर या प्रकाशनसंस्थेने १९८६ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांच्या संपादनाखाली तीन खंडांत काढले, आणि त्यांत ली यांचे उत्तर आहे. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्याखेरीज या प्रकरणावर मत बनवू नये.

भौतिकशास्त्राशी थेट संबंध नसलेली एकदोन टिपणे अनपेक्षितपणे मनात राहतात. यांग यांनी १९६४ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, आणि तो निर्णय किती जड गेला हे त्यांनी लिहिले आहे. वडिलांनी मनाच्या एका कोपऱ्यात त्याबद्दल आपल्याला शेवटपर्यंत क्षमा केली नाही, अशी त्यांची समजूत होती. १९५४ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ते यांग–मिल्स निबंधातील गेज सिद्धांत मांडत होते त्याच वर्षी, प्रिन्स्टनजवळ घरासाठी दिलेली अनामत रक्कम बांधकाम व्यावसायिकाने परत केली, कारण चिनी कुटुंब राहायला आले तर बाकीची घरे खपणार नाहीत अशी त्याला भीती होती. हा प्रसंग ते चढा सूर न लावता चार ओळींत सांगून टाकतात.

स्टोनी ब्रूकच्या वर्षांतील टिपणे मला त्रोटक वाटली. गेज क्षेत्रे (यांग–मिल्स निबंधातील प्रकारची क्षेत्रे) आणि भूमितीतील फायबर बंडल ही एकच रचना असल्याचे गणितज्ञ जिम सायमन्स यांच्या व्याख्यानांतून उमगले, आणि त्यातून ताय त्सुन वू यांच्यासह १९७५ चा निबंध झाला, त्यातील भौतिकशास्त्र आणि गणित या दोन भाषांचा शब्दकोश आजही वापरात आहे. वडिलांकडून गणिताची गोडी घेतलेल्या माणसाला पन्नाशीत असे काही गवसावे, यावर अधिक लिहायला हरकत नव्हती. १९६७ मधील ज्या कामातून पुढे यांग–बॅक्स्टर समीकरण हे नाव रूढ झाले, त्याबद्दलही येथे अपेक्षेपेक्षा कमी मिळते. अर्थात १९८० च्या आसपास त्याचा विस्तार पुरता कळलेला नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे.

पदव्युत्तर भौतिकशास्त्राचा विद्यार्थी निबंधांसकट हे पुस्तक पचवू शकेल. गेज निबंध तर आश्चर्य वाटावे इतका छोटा आणि सुबोध आहे. इतरांनी ते विकत घेण्याची गरज नाही, महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातून घेऊन फक्त पहिला भाग वाचावा. इंग्रजी साधे आहे आणि वाक्ये लहान आहेत. १९८० नंतरचे लेखन हवे असल्यास २०१३ मध्ये आलेला दुसरा खंड आहे, पण सुरुवात पहिल्यापासून करावी, आणि तीही १९५४ च्या टिपणापासून.