न बदललेल्या ब्रेक पॅडचं बिल

साताऱ्यात माझ्या वडिलांकडून गाडीच्या सर्व्हिसिंगचे १६,०३० रुपये घेतले गेले. त्यातलं ३,७५० रुपयांचं काम झालंच नव्हतं आणि आणखी ६,०५० रुपयांचं काम गाडीला नको होतं. वर्कशॉप गल्लीबोळातलं नव्हे, कंपनीचं अधिकृत. काचेचं शोरूम, एसी वेटिंग रूम, टेबलावर मासिकं, सगळं व्यवस्थित. "अधिकृत ठिकाण आहे, चार पैसे जास्त लागतील पण फसवणार नाहीत" या भरवशावर कितीतरी लोक, विशेषतः निवृत्त मंडळी, अशा ठिकाणी गाडी देतात. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

गाडी साधी आहे. १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक, पाच वर्षांची, ३८,००० किलोमीटर चाललेली. वॉरंटी संपलेली. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, आयुष्यभर स्टोअर सांभाळलं, त्यामुळे गाडीची प्रत्येक पावती फाईलला लावलेली. ते सकाळी गाडी देऊन आले, तेव्हा सर्व्हिस अॅडव्हायझरने तोंडी अंदाज सांगितला होता साडेसहा हजारांचा. दुपारी त्याचा फोन आला. "काका, पुढचे ब्रेक पॅड संपलेत. तुम्ही पुण्याला जाता-येता ना? खंबाटकीत उतरताना काही झालं तर? रिस्क घेऊ नका." पाठोपाठ मोबाईलवर वाढीव अंदाजपत्रक आलं, खाली मंजुरीचं बटण. पंचाहत्तरीच्या माणसाला घाटातल्या ब्रेकची भीती घातल्यावर तो काय करणार? बाबांनी मंजुरी दिली. बटण एकच होतं, त्यामुळे ब्रेक पॅडबरोबर यादीतलं बाकी सगळंही मंजूर झालं.

मी नंतर पुण्याहून घरी गेले तेव्हा बिल पाहिलं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, सर्व्हिसची मजुरी, व्हील अलाइनमेंट-बॅलन्सिंग, वॉशिंग, हे धरून ६,२३० रुपये. हे काम गरजेचं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याखाली ओळीने इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं) ६५०, डिकार्बोनायझिंग (इंजिनमधली काजळी काढणं) १,८५०, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंग ९५०, एसी डिसइन्फेक्शन १,४५०, कूलंट १,१५०. मग एअर फिल्टर ४२०, पुढचे ब्रेक पॅड २,४८० आणि ते बसवायची मजुरी ८५०.

एअर फिल्टरच्या ओळीवर बाबाच थांबले. "एअर फिल्टर? तो तर मी दिवाळीत बदललाय."

हा फिल्टर बदलायला मेस्त्री लागत नाही. बॉनेट उघडायचं, काळ्या प्लास्टिकच्या डब्याच्या क्लिपा सोडवायच्या, जुना काढायचा, नवा ठेवायचा. आणि बाबांची स्टोअरमधली सवय अशी की घरात आलेल्या प्रत्येक वस्तूवर ते मार्करने तारीख टाकतात. ट्यूबलाइट, घड्याळाचा सेल, गॅसची नळी, काहीही. आम्ही अंगणात बॉनेट उघडलं, क्लिपा सोडवल्या, डबा वर उचलला. फिल्टरच्या रबरी कडेवर बाबांच्या अक्षरातली दिवाळीतली तारीख स्वच्छ दिसत होती. घड्यांमध्ये वर्षभराची बारीक धूळ. वर्कशॉपने "नवीन बसवला" म्हणून पैसे घेतलेला फिल्टर तो हाच.

मी आधी त्या तारखेचे फोटो काढले, मग फिल्टर जागच्या जागी ठेवला. आणि मग साहजिकच ब्रेक पॅडचा प्रश्न आला.

आमच्या भागात एक जुने मेस्त्री आहेत. त्यांनी जॅक लावला, पुढचं डावं चाक उतरवलं आणि टॉर्च कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, आत धरला. "ताई, हे बघा." पॅडच्या मागच्या लोखंडी पट्टीवर गंज चढलेला, कडेला काळी धूळ घट्ट बसलेली. मोजपट्टी लावली तर घासायचा थर सहा मिलिमीटर. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटरचा असतो आणि दोन-तीन उरला की बदलायचा असतो. सर्व्हिसिंगनंतर गाडी जेमतेम साताऱ्यातल्या साताऱ्यात फिरली होती; तेवढ्यात चार मिलिमीटर पॅड झिजूच शकत नाही. दुसऱ्या बाजूलाही तीच स्थिती. म्हणजे पॅड संपले नव्हते, बदललेही नव्हते, आणि ते "संपलेत" म्हणून बाबांना घाट दाखवून घाबरवलं होतं. मला सगळ्यात जास्त संताप याचा आला. पैसे गेले ते गेले, पण ब्रेकसारख्या गोष्टीत खोटं बोलणारी माणसं उद्या खरंच झिजलेले पॅडही बिलात नवे दाखवून तसेच ठेवतील. तेव्हा घाटात काय होईल?

यानंतर मी ग्लोव्ह बॉक्समधलं ओनर्स मॅन्युअल काढलं. त्यात शेवटी देखभालीचं वेळापत्रक असतं, किलोमीटर आणि महिने यांचा तक्ता. प्रत्येक गाडीमालकाने हे एक पान मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्या तक्त्यात इंजिन फ्लश कुठेच नाही. डिकार्बोनायझिंग नाही. एसी डिसइन्फेक्शन नाही. थ्रॉटल बॉडी साफ करायची ती गाडी आयडलिंगला, म्हणजे उभ्या उभ्या इंजिन चालू असताना, थरथरायला लागली, पिकअप अडखळायला लागला तर. आमच्या गाडीला यातलं काही नव्हतं. कूलंट बदलायला मॅन्युअलप्रमाणे अजून बरीच वर्षं होती. ज्या कंपनीच्या नावाने ही कामं माथी मारली, तिच्याच छापील पुस्तकात ती मागितलेली नाहीत. इंजिन ऑइल बिलात ३.५ लिटर होतं, मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट ३.१ लिटर. फरक दोनशे-सव्वादोनशे रुपयांचा, पण वर्कशॉपमध्ये रोज किती गाड्या येतात याचा विचार करा.

हे असं का चालतं, ते माझ्या ओळखीच्या एका मुलाने सांगितलं. तो दुसऱ्या शहरात एका डीलरकडे सर्व्हिस अॅडव्हायझर होता, आता सोडलं. अशा जादा कामांना त्यांच्यात "व्हॅल्यू अॅडेड सर्व्हिस" म्हणतात, प्रत्येक अॅडव्हायझरला दर महिन्याचं टार्गेट असतं, पगारातला इन्सेन्टिव्ह त्यावर ठरतो. नवीन गाडीच्या विक्रीत डीलरला फार सुटत नाही, कसर वर्कशॉपमध्ये भरून काढतात. तो म्हणाला, वयस्कर माणूस किंवा एकटी बाई गाडी घेऊन आली की सीनिअर लोक सांगायचे, "इथे पॅकेज लाव." त्या मुलाचा राग येत नाही मला, त्याने नोकरी सोडली. पण यामागे व्यवस्था आहे, एखाद्या टेक्निशियनची चूक नाही, हे ओळखून वागायला हवं.

वर्कशॉप मॅनेजरने मात्र "टेक्निशियनची चूक" हेच सांगितलं. आधी तर फिल्टर बदललाच आहे म्हणाला. फोटो दाखवल्यावर आवाज खाली आला. जुने पॅड दाखवा म्हटलं, तर "स्क्रॅपमध्ये गेले". पॅडच्या खोक्याची नोंद, स्टोअरमधून पार्ट निघाल्याची एंट्री मागितली, ती मिळाली नाही. मी तिथे आवाज चढवला नाही. जॉब कार्ड (गाडी देताना कामं लिहून सही घेतात तो कागद), बिल, फोटो, मेस्त्रींनी मोजतानाचा व्हिडिओ असं सगळं कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केलं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक मॅनेजरला कळवला. मग हालचाल झाली. फिल्टर, पॅड आणि मजुरी मिळून ३,७५० रुपये परत खात्यात आले. बाकीच्या कामांबद्दल उत्तर मिळालं, "ग्राहकाची मंजुरी आहे."

आता स्वस्त पर्यायाबद्दल. याच मेस्त्रींकडे तेच ऑइल चेंज काय पडलं असतं, याचा हिशेब मी काढला. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं नामांकित कंपनीचं ऑइल, सीलबंद साडेतीन लिटरचा कॅन, १,७०० रुपये. कंपनीचाच ऑइल फिल्टर ११० रुपये. मजुरी ८००. एकूण २,६१०. त्यात चारही चाकं उतरवून ब्रेक साफ करणं, एअर फिल्टर झटकणं आलं. पार्ट स्वतः आणायचे तर पुण्यात नाना पेठेत कंपनीच्या स्पेअरची दुकानं आहेतच. खोक्यावर सर्व करांसहित एमआरपी छापलेली असते, तिच्याशी बिल ताडून बघता येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. त्यानंतरच्या बिलात एखाद्या पार्टवर २८ टक्के दिसला तर तिथेच विचारा.

पण गॅरेज म्हटलं की सगळं आलबेल, असंही मी म्हणणार नाही. सुट्या डब्यातलं ऑइल, डुप्लिकेट फिल्टर, कॅनमध्ये अर्धं उरलेलं ऑइल बाजूला काढून ठेवणं, हे प्रकार गॅरेजमध्ये होतात. म्हणून सील समोर फोडायला सांगायचं आणि काम होईपर्यंत तिथे उभं राहायचं. गॅरेजचा मोठा फायदा हाच की तिथे उभं राहता येतं. डीलरकडे "कस्टमरला फ्लोअरवर अलाऊड नाही" म्हणून काचेच्या अलीकडे बसवतात. घरून गाडी नेणाऱ्या अॅपवाल्या सेवांमध्ये तर गाडी कुठल्या गॅरेजमध्ये गेली हेही अनेकदा कळत नाही, आणि दुपारचा "पॅड संपलेत" फोन तिथूनही येतो. एअरबॅग, एबीएसचा सेन्सर, सॉफ्टवेअर अपडेट, यासाठी अधिकृत वर्कशॉपच बरं. कंपनीने रिकॉल जाहीर केला असेल, म्हणजे सदोष भागासाठी गाड्या परत बोलावल्या असतील, तर ते काम डीलरकडे मोफत होतं, त्याचे पैसे कुणाला देऊ नका.

वॉरंटीचा धाक अनेकांना दाखवतात. "बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली." भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देता बाजार अडवून धरल्याबद्दल. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, त्यामुळे त्यावर विसंबून चालू वॉरंटीत धोका पत्करा असं मी सांगत नाही. वाढीव वॉरंटी विकत घेतली असेल तर तिच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचा. पण वॉरंटी संपलेल्या गाडीच्या मालकालाही हाच धाक दाखवतात, तेव्हा त्याला काही अर्थ उरत नाही.

डीलरकडेच जायचं असेल तर जॉब कार्डवर सही करण्याआधी स्वतःच्या हाताने लिहा: "मॅन्युअलमधील वेळापत्रकाव्यतिरिक्त काम करू नये. बदललेले जुने पार्ट परत द्यावेत." आणि त्याचा फोटो घ्या. अॅडव्हायझर कुरकुर करतो, पण खोडू शकत नाही. गाडी देण्याआधी एअर फिल्टर, एसी फिल्टर, बॅटरी, वायपर यांच्यावर मार्करने खूण करा, चाकातून दिसतील तेवढ्या ब्रेक पॅडचे फोटो घ्या. दुपारी फोन आला तर "पॅडचा स्केल लावलेला फोटो पाठवा, मग सांगतो" एवढंच म्हणा. मंजुरीचं बटण यादीतलं एकेक काम वेगळं निवडू देत नसेल तर ते दाबू नका, कोणतं काम हवं ते मेसेजमध्ये लिहून पाठवा. ज्यांचे आईवडील एकटे राहतात त्यांनी वर्कशॉपला संपर्कासाठी स्वतःचा नंबर द्यावा; आम्ही आता तेच करतो.

न केलेल्या कामाचे पैसे घेणं हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीचा विषय आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. उरलेल्या ६,०५० रुपयांसाठी बाबांनी साताऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे जायचं ठरवलं आहे. भीती घालून मिळवलेली मंजुरी ही मंजुरी नव्हे, असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. तक्रारीचा मसुदा त्यांनी स्वतः लिहिला आहे, सोबत मॅन्युअलमधल्या त्या पानाची प्रत जोडली आहे.