हाताने धार लावून देतो म्हणाला आणि पात्याचे पाणी उतरवून परत पाठवले

माझी कोकणात आंब्याची आणि काजूची छोटी रोपवाटिका आहे. 2025 च्या मे आणि जून महिन्यांत वडिलांच्या वापरातला कलमाचा घडीचा चाकू आकार सरळ करून आणि धार लावून घेण्याच्या पायी माझे 7,140 रुपये गेले, चाकू गेला आणि कोय कलमांचा, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपांवर बांधायच्या कलमांचा, ऐन हंगाम हातचा गेला. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण ज्या माणसाचे अर्धे आयुष्य धारेवर गेले त्याला धारेच्याच बाबतीत कोणीतरी बनवून जावे, हे सांगण्यासारखे नाही. तरीही सांगतो, कारण मला बनवणारा तो धारवाला आजही नव्या गिऱ्हाइकांकडून पैसे घेत आहे.

तो चाकू वडिलांनी 1987 साली मुंबईहून आणला होता. जर्मन बनावटीचा, लाकडी मुठीचा, कार्बन पोलादाच्या पात्याचा, आणि मुख्य म्हणजे एकाच अंगाला धार असलेला. कलमाच्या चाकूची सगळी किंमत या एकाच गोष्टीत असते. पात्याचे एक अंग आरशासारखे सपाट असते आणि उतार फक्त दुसऱ्या अंगाला असतो, त्यामुळे सपाट अंग काडीवर टेकून एका ओढीत काप घेतला की तो पट्टीसारखा सरळ येतो. काप सरळ आला तर कलमकाडी आणि खुंट (ज्या रोपावर ती बांधतात ते) यांच्या सालीखालचे हिरवे थर एकमेकांना चिकटून बसतात. काप पोकळ आला तर मध्ये फट राहते, फटीत पाणी शिरते आणि काडी काळी पडते. अडतीस वर्षे निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, घासून घासून या पात्याचा मधला भाग झिजला होता आणि धार आत वळली होती. नुसती धार लावून ते भागणारे नव्हते; पात्याचा आकारच नव्याने सरळ करून घ्यायला हवा होता.

लोक विचारतात की मी ते स्वतः का केले नाही. कोयते मी दहाव्या वर्षापासून पाजवतो आणि हा चाकूही रोज कामानंतर चामड्याच्या पट्ट्यावर मीच फिरवत होतो. पण धार राखणे वेगळे आणि पात्याचा आकार उतरवणे वेगळे. वडिलांची वस्तू आपल्या हातून बिघडू नये, या भीतीने मी ती जाणत्याच्या हाती द्यायचे ठरवले, आणि यात माझे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. चूक पुढे झाली.

मोबाइलवर एका माणसाचे व्हिडिओ सापडले. मोठ्या शहरातला, गोड बोलणारा, अस्खलित मराठी. "काका, मशीन आमच्याकडे नाहीच. सगळं हातानं, जपानी पाणदगडांवर. पातं गरम होऊच देत नाही," असे त्याने मला फोनवर सांगितले. पाते गरम होऊ देत नाही, या एका वाक्यावर मी भुललो, कारण ते जाणकाराचे वाक्य होते. अशी माणसे आपल्या धंद्यातली चार खरी वाक्ये पाठ करून ठेवतात, हे मला आता कळते. आगाऊ 1,200 रुपये दिले. कुरिअरला 190 रुपये लागले. चाकू पोहोचल्यावर "पातं फारच झिजलंय, आकार द्यायला वेगळे" म्हणून 1,850 रुपये आणखी मागितले. परतीचा कुरिअर आणि विमा म्हणून 500 रुपये. आणि घरी वापरायला एक हजार आणि सहा हजार दाण्याचा (आकडा मोठा तितका दगड बारीक) दुहेरी जपानी दगड म्हणून 3,400 रुपये. वस्तू त्याच्या हातात गेल्यानंतर दर वाढला, तिथेच थांबायला हवे होते. पण चाकू त्याच्याकडे अडकलेला असताना माणूस किती ताणून धरणार?

आता त्या क्षणाविषयी सांगतो, जो आठवला की आजही माझी झोप उडते. मे महिन्याच्या शेवटी त्याने मला एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. "काका, तुमचंच पातं," असे खाली लिहिले होते. ओल्या दगडावर एक चाकू सावकाश पुढे-मागे सरकत होता. मी त्या वेळी शेडमध्ये पिशव्या भरत होतो, हाताला माती होती आणि रेंज अडखळत होती. तरीही मला एक गोष्ट दिसली होती. माझा चाकू उजव्या हातात, धार खाली करून धरला की नखाने उघडण्याची खाच डाव्या अंगाला येते. व्हिडिओतल्या चाकूची खाच उजव्या अंगाला होती. मी मनाला समजावले की मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने चित्र आरशासारखे उलटे येते, तसेच हे असेल. पण त्याच व्हिडिओत मागच्या भिंतीवर एक कॅलेंडर होते आणि त्यावरचे आकडे सरळ होते. चित्र उलटे असते तर आकडेही उलटे आले असते. शिवाय कॅलेंडरवर पान होते जानेवारीचे. म्हणजे चाकूही दुसरा, व्हिडिओही जुना, आणि मी त्याला उत्तर काय पाठवले? "छान चाललंय." हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते. त्या दिवशी एक फोन करून मी चाकू परत मागितला असता, तर पाते वाचलेही असते.

17 जूनला चाकू आला. चकचकीत. वर्तमानपत्राचा कागद त्याने सरसर कापला, हातावरचे केस काढले. मी खूश झालो आणि लगेच पाच पूर्ण ताऱ्यांचा अभिप्रायही दिला, जो त्याने पुढे माझ्याच तक्रारीला उत्तर म्हणून वापरला. कागद कापणे ही कसोटी नव्हे. मऊ लोखंडालाही तासाभरापुरती तशी धार आणता येते. वस्तू आठ दिवस कामात वापरल्याशिवाय अभिप्राय देऊ नका.

22 जूनपासून चार दिवसांत मी 320 कलमे बांधली. पहिल्या दिवशी चाळीसएक काप झाल्यावर चाकू ओढायला लागला. अंगठ्याच्या नखावरून धार हलकेच फिरवली तर ती एका बाजूला मुडपलेली लागली. चामड्यावर सरळ केली की पुन्हा तीस-चाळीस कापांत तेच. कोयीच्या रोपांचे तांबूस, कोवळे दांडे थांबत नाहीत. ते जून व्हायच्या आत कलम बांधावेच लागते, म्हणून मी तसेच काम रेटले. त्या 320 पैकी 61 कलमे जगली.

नंतर भिंग घेऊन चाकू उजेडात धरला. सपाट अंग सपाट राहिलेले नव्हते. दोन्ही अंगांना उतार काढला होता. पात्याची रुंदी 18 मिलिमीटरवरून 13 वर आली होती. पॉलिश सगळीकडे झाले होते, पण नखाच्या खाचेच्या तळाशी आणि बिजागरीच्या कोपऱ्यात, जिथे पॉलिशचे चाक पोहोचत नाही, तिथे निळसर-जांभळी झाक तशीच राहिली होती. ती झाक म्हणजे काय, हे कोणताही लोहार सांगेल. उघडे पोलाद तापत जाते तसा आधी साधारण 220 अंशांना गवती पिवळा रंग येतो आणि 300 च्या आसपास निळा. निळा आला की त्या जागेचा कडकपणा गेला. हाताने, पाण्यात भिजलेल्या दगडावर पाते इतके कधीच तापत नाही; ग्राइंडरवर मात्र धारेजवळचा पातळ भाग दोन-तीन सेकंदांत निळा होतो. खात्रीसाठी मी टोकाजवळ कानस फिरवली. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून विझवून कडक केलेल्या, पात्यावरून कानस सटकायला हवी होती. ती चावली आणि भुसा निघाला. पात्याचे पाणी, म्हणजे तो कडकपणा, उतरले होते.

याहून मोठी दुखापत पाते मिटताना कळली. घडीच्या चाकूत पात्याच्या मुळाशी धार नसलेला एक छोटा ठोकळा असतो. चाकू मिटला की तो मुठीतल्या पट्टीवर टेकतो आणि धार अधांतरी राहते. या माणसाने तो ठोकळाही घासून टाकला होता. त्यामुळे दर वेळी चाकू मिटताना धार थेट पोलादी पट्टीवर आपटत होती आणि तिला खाचा पडत होत्या. चाकू कोणाकडेही देण्याआधी तो उघडा आणि मिटलेला, दोन्ही अंगांनी, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मी काढले नव्हते. रुंदीचा जुना आकडा माझ्या वहीत होता, एवढाच माझा पुरावा.

"जपानी" दगड पाण्यात ठेवला तर पाणी लाल झाले आणि दुसऱ्या दिवशी दोन थर एकमेकांपासून सुटले. सहा हजार दाण्याच्या म्हणवलेल्या बाजूने पात्यावर नखाला लागतील असे ओरखडे उठले.

आता तक्रारीचे. बँकेत गेलो तर सांगितले की पैसे तुम्ही स्वतःच्या पिनने पाठवले आहेत, तेव्हा ही फसवणूक नव्हे, व्यवहारातला वाद आहे. ग्राहकांच्या दूरध्वनी सेवेवर तक्रार नोंदवली. अकरा दिवसांनी "सेवा दिली असल्याचे समोरच्याने कळवले" म्हणून ती निकाली काढल्याचा संदेश आला. निकाल लावताना मला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत मलाच विचारले की चाकूला इतकी धार कशाला हवी. मी साठीला आलेला माणूस, हातात कलमांची वही, आणि मला खटक्याचा चाकू बाळगणाऱ्यासारखे उभे केले! शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे आणि त्यातूनही शेतीसाठी बनवलेले चाकू वगळले आहेत. माझे पाते साडेपाच सेंटिमीटरचे. दुसऱ्या फेरीत सांगितले की तो माणूस राहतो त्या शहरात जा. हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची खबर नाकारता येत नाही, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हे स्पष्ट आहे, आणि फसवून मालमत्ता घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येते, हे मी कागदावर लिहून नेले होते. कागद वाचलाही नाही. तिसऱ्या फेरीत अदखलपात्र नोंद करून पावती हातात दिली आणि "सात हजारांसाठी किती पळणार?" असे विचारले. सात हजार कोणाला लहान वाटतात? माझ्या शेडवर कलमे बांधायला येणाऱ्या बायांची ती किती दिवसांची मजुरी होते, हे त्या साहेबांनी मोजून पाहावे.

एक मार्ग उघडा आहे आणि तो कोणीही मला सांगितला नाही, मी स्वतः शोधला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी सप्टेंबरमध्ये तक्रार दाखल केली.

दरम्यान मी वडिलांचाच दुसरा, देशी बनावटीचा घडीचा चाकू काढला, हार्डवेअरच्या दुकानातून 260 रुपयांचा कार्बोरंडमचा दुहेरी दगड आणला आणि जे काम मला जमणार नाही असे वाटत होते ते नऊ संध्याकाळी बसून केले. आधी धार दगडावर उभी धरून आकार सरळ केला. त्याने धार बोथट होते आणि काठावर एक पांढरी चकाकती रेघ दिसते. मग उताराच्या अंगाला मार्करची शाई लावली, म्हणजे दगड कुठे लागतो ते दिसते, आणि ती पांढरी रेघ संपेपर्यंत फक्त तेच अंग घासले, दगड सतत ओला ठेवून. शेवटी सपाट अंगावर धातूची बारीक लव उभी राहिली, ती पाते दगडावर पूर्ण आडवे ठेवून काढली, आणि मग चामडे. मुळाशी असलेल्या ठोकळ्याला दगड लागू दिला नाही. तो माणूस 3,050 रुपये घेऊन जे करणार होता ते एवढेच होते.

वडिलांचा चाकू पुरावा म्हणून जसाच्या तसा पाकिटात बंद आहे, त्यामुळे उरलेले पाते वाचवण्याचा प्रयत्नही मला करता येत नाही. ओल्या दगडावर सरकणारा चाकू आणि मागे जानेवारीचे कॅलेंडर, असा एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ "तुमचंच पातं" म्हणून आणखी कोणाला आला असेल, तर तो पुसू नका. आयोगाच्या परवानगीने अशा तक्रारी एकत्र चालवता येतात, आणि तोच व्हिडिओ दोन गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये निघाला तर त्याच्याकडे द्यायला उत्तर नसेल.