दादरला अखेर ड्राय सायडर मिळाली

शिवाजी पार्कच्या जवळ एक छोटं वाईन शॉप आहे, तिथल्या काउंटरवरच्या दादांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय खरं तर. कारण आजवर मी कुठेही सायडर (सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू) मागितली की हातात गोड सफरचंदाचं सोडा सरबत यायचं, अर्धा ग्लास झाला की जीभ चिकट, आणि ड्राय हवी म्हटलं तर समोरचा म्हणणार स्ट्राँग हवी का? अहो ड्राय म्हणजे स्ट्राँग नाही आणि आंबट पण नाही, यीस्टने रसातली साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकली की उरते ती ड्राय. बऱ्याच कंपन्या नंतर परत साखर किंवा रस घालतात, म्हणून बाटली उलटी करून घटक वाचा, साखर लिहिलेली दिसली की ठेवून द्या.

या दादांनी मला आधी विचारलं, ताई जेवणासोबत की नुसती? मी म्हटलं ओल्या बोंबलासोबत. त्यांनी गोडवाल्या दोन बाटल्या स्वतःच बाजूला सारल्या आणि फ्रान्सच्या नॉर्मंडीची एक ७५० मिलीची काढली, तारेने बांधलेल्या बुचाची, वर ब्रूट, म्हणजे ड्राय, लिहिलेलं. एक सांगून ठेवते, फ्रेंच सायडरमध्ये ब्रूट म्हणजे पण साखर शून्य नाही, लिटरला २८ ग्रॅमपर्यंत चालते, त्यामुळे एकदम कोरडीठाक मिळेल असं समजू नका. पण ही छान निघाली!! सफरचंदाचा वास भरपूर, तोंडात गेल्यावर मात्र सालासकट चावल्यासारखा तुरटपणा, जरा जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखा. हा तुरटपणा येतो सायडरसाठी मुद्दाम लावलेल्या सफरचंदांमुळे, त्यातली बरीच नुसती खायला कडू तुरट लागतात, आपली हिमाचलची रॉयल डिलिशस खायला मस्त पण तिच्यात हा तुरटपणा देणारं टॅनिन फार कमी, म्हणून खायच्या सफरचंदाची सायडर हलकी लागते. वाईट नाही हां, वेगळी.

बोंबील सिटीलाईट मार्केटमधून आणले, दाबून पाणी काढलं, तांदळाचं पीठ आणि रवा लावून कुरकुरीत तळले, आणि तेलकट घासावर ही थंडगार सायडर म्हणजे खरंच काय सांगू, प्रत्येक घोटाला तोंड साफ आणि पुढचा तुकडा पहिल्यासारखा लागतो. बियरने माझं पोट फुगतं आणि व्हाईट वाईन मला तिखटाबरोबर जड वाटते, त्यामुळे मला हेच हवं होतं. नवऱ्याने सोलकढी सोडून ग्लास पुढे केला. फक्त बर्फ घालू नका, चव पार पातळ होते, फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवली की वास उघडतो. आणि उघडली की त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी फेस राहत नाही.

किंमत महागच आहे, बाहेरून आलेला माल, रोजची गोष्ट नाही. दादांनी पुण्याच्या मूनशाईनची ॲपल सायडर मीड पण दाखवली, ती मला आवडते, पण तिच्यात मध आहे, ती मीड, म्हणजे मधाची दारू, म्हणूनच घ्या.

माल कमी असतो त्यामुळे जायच्या आधी फोन करून विचारा, आणि शनिवारी संध्याकाळी नका जाऊ, गर्दीत दादांना बोलायला वेळच नसतो.