पीसी बंद, कीबोर्ड चालू: ईआरपी सेटिंग आठ महिने वापरल्यावर

शट डाउन केलं, पंखे थांबले, तरी कीबोर्डचे दिवे आणि माउसची लाल ठिणगी रात्रभर सुरूच. हा बिघाड नव्हे. एटीएक्स, म्हणजे डेस्कटॉप पीसीच्या नेहमीच्या पॉवर सप्लायची जांभळी वायर, म्हणजे ५ व्होल्टचा स्टँडबाय (बंद पीसीलाही मिळणारी वीज), भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत जिवंतच असते. पीसी बंद झाला की बरेच मदरबोर्ड यूएसबी पोर्टांना याच वायरवरून वीज देत राहतात.

त्यावरचा इलाज बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये आहे, नाव ईआरपी. बंद पीसीच्या पोर्टांची स्टँडबाय वीज ती तोडते. युरोपीय संघाच्या नियमामुळे आलेली सोय. २०१३ मध्ये तिथे बंद यंत्रासाठी ०.५ वॅटची मर्यादा आली. असूसच्या बोर्डांवर ॲडव्हान्स्डमध्ये एपीएम कॉन्फिगरेशन उघडा, एमएसआयवर पॉवर मॅनेजमेंट सेटअप, गिगाबाइटच्या अलीकडच्या बोर्डांवर प्लॅटफॉर्म पॉवर. बायॉसच्या आवृत्तीगणिक जागा थोडी इकडेतिकडे होते. अगदी जुन्या बोर्डांवर ही सेटिंग नसते. तिथे पोर्टांजवळ यूएसबीपीडब्ल्यू नावाचा तीन पिनांचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) असेल, तर विजेची केबल काढून तो स्टँडबायवरून साध्या ५ व्होल्टवर न्यायचा.

आता खरी मेख. असूसवर दोन पर्याय दिसतात: 'एस४+एस५' आणि नुसता 'एस५'. एस४ म्हणजे हायबरनेशन (चालू स्थिती डिस्कवर साठवून बंद होणं), एस५ म्हणजे पूर्ण बंद. नुसता एस५ निवडला तर विंडोज १० आणि ११ वर बहुधा काहीच फरक पडत नाही आणि सेटिंगच फालतू वाटते. दोष सेटिंगचा नाही, फास्ट स्टार्टअपचा, म्हणजे पीसी लवकर सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. तो चालू असताना शट डाउन म्हणजे अर्धं हायबरनेशन असतं, म्हणजे एस४. तेव्हा एस४+एस५ निवडा. फास्ट स्टार्टअप काढायचाच असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या पानावर त्याची खूण काढा. नेमकं कारण तपासायचं असेल, तर शिफ्ट दाबून शट डाउनवर क्लिक करा, तेवढ्यापुरता पीसी पूर्ण बंद होतो. असं केल्यावर दिवे विझले, तर गुन्हेगार फास्ट स्टार्टअपच. डिव्हाइस मॅनेजरमधली 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' ही खूण मात्र पीसी चालू असतानाची आहे, इथे तिचा उपयोग शून्य.

खात्री करायला पोर्टात वीज मोजणारा छोटा यूएसबी मीटर लावा. शट डाउननंतर त्याचा पडदा कोरा झाला की काम झालं. मीटर नसेल तर माउस उलटा करून पाहा.

वीजबिलासाठी करणार असाल तर निराश व्हाल. ५ व्होल्टवर २०० मिलिॲम्पिअर म्हणजे १ वॅट. पीसी रोज १६ तास बंद धरला तरी वर्षाला ५.८४ युनिट. फायदा झाला तो वेगळा: झोपायच्या खोलीत उजेड नाही, आणि अडकलेला वेबकॅम किंवा साउंड कार्ड दर वेळी खऱ्या अर्थाने रीसेट होतं. पूर्वी त्यासाठी केबल उपटावी लागायची.

बदल्यात जातं तेही सांगायला हवं. नेटवर्कवरून पीसी उठवणं, कीबोर्ड किंवा माउसने चालू करणं, ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होणं, हे सहसा बंद पडतं. बंद पीसीवर फोन चार्ज करायची सवयही सोडावी लागते. घरचा सर्व्हर दुरून उठवायचा असेल तर या वाटेला जाऊच नका. आणि बायॉस अपडेट केलं की सेटिंग बरेचदा मूळपदावर जाते. दिवे पुन्हा दिसले की आधी तिथेच पाहा.

एवढं करूनही दिवे राहिलेच, तर स्वतःचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा) तपासा. हबवरची उपकरणं ॲडॉप्टरच्या विजेवर चालतात, बायॉसचा तिथे संबंधच नाही. त्याहून वाईट म्हणजे काही स्वस्त हब वीज उलटी पीसीत ढकलतात, जे यूएसबीच्या नियमात बसत नाही. पीसीची केबल भिंतीतून काढा, हब जोडलेला ठेवा. पीसीच्या मागच्या पोर्टातला कीबोर्ड तरी पेटला, तर हब बदला.

भिंतीवरचं बटण बंद करणं हाही पक्का उपाय, फक्त शट डाउन पूर्ण झाल्यावर. मात्र मग पीसीचं घड्याळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलवर चालतं आणि तो लवकर उतरतो. पीसी सुरू होताना तारीख मागे गेलेली दिसली, तर सेल बदलायची वेळ झाली.