समुद्राकाठी पहिलं वेल्डिंग मशीन: एक हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

खोक्यावर ठळक अक्षरांत '२०० अँपिअर' छापलंय. घरातल्या सॉकेटवरून ते २०० कधीच मिळत नाहीत आणि हौसेपुरतं काम करणाऱ्याला ते लागतही नाहीत. तरी पहिलं मशीन घ्यायला गेलेला माणूस दुकानात १६० घेऊ की २५० यातच अडकतो. आमच्या देवगडकडे मशीन चालणार की नाही हे ठरवतात दुसऱ्याच दोन गोष्टी: संध्याकाळचं व्होल्टेज आणि खारी, दमट हवा.

माझ्याकडे सिंगल फेजवर चालणारं साधं इन्व्हर्टर आर्क मशीन आहे, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारं. साडेसहा हजारांच्या आसपास पडलं. दिवाळीनंतर कणकवलीहून आणलं, आंब्याचा हंगाम काढला, आणि आता पावसाळाही झाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतली मशीनं आतून बरीचशी एकसारखी असतात, रंग आणि स्टिकर तेवढे वेगळे.

आधी त्या २००चा हिशोब. आर्कला, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यातल्या विजेच्या ज्योतीला, लागणारं व्होल्टेज साधारण २० अधिक करंटच्या ०.०४ पट धरतात. म्हणजे २०० अँपिअरला २८ व्होल्ट, आणि नुसत्या आर्कमध्येच साडेपाच किलोवॉटच्या वर. मशीनमधली घट धरली तर भिंतीतून ३० अँपिअरहून जास्त ओढावे लागतील. आपलं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं. त्यावरून निवांतपणे ९०-१०० अँपिअरपर्यंत वेल्डिंग होतं, पुढे गेलात की एमसीबी पडतो. पण १२ नंबरचा रॉड, म्हणजे अडीच एमएम, ६० ते ९० मध्येच चालतो. गेट, स्टँड, रॅक, पंपाची जाळी, सगळं त्यात बसतं. १० नंबरच्या रॉडला ९० ते १३० लागतात, म्हणजे घरच्या सॉकेटवर तो जेमतेम. मग १६०चं मशीन पुरे का? पुरे. फरक हजारभराचाच असेल तर २००चं घ्या, कारण ८०-९० वर ते कमी तापतं.

ड्यूटी सायकलवरही लोक फार चर्चा करतात. ६० टक्के म्हणजे त्या करंटवर दहा मिनिटांतली सहा मिनिटं सलग वेल्डिंग. अडीचचा रॉड मिनिटभरात संपतो, मग जोडावरची खपली (रॉडच्या आवरणाचा गोठलेला थर) काढायची, ब्रश मारायचा, गुण्या लावून बघायचा, पुढचा तुकडा कापायचा. हौशी माणसाचा हातच इतका वेळ घेतो की मशीनला विश्रांती आपोआप मिळते. माझं तापून बंद पडलेलं मला आठवत नाही, मे महिन्यातसुद्धा.

आता व्होल्टेज. आमची वाडी लाइनच्या शेवटाला. बागांचे पंप सुरू झाले की २३० चे १८० होतात. बहुतेक स्वस्त मशीनं २३० च्या पंधरा टक्के खाली-वर, म्हणजे १९५ पर्यंतच चालतील असं लिहून देतात. त्याखाली आर्क मवाळ पडतो, रॉड चिकटायला लागतो, आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट. दुकानात विचारायचं असेल तर हे विचारा: किती कमी व्होल्टेजपर्यंत चालतं? १६० पर्यंत चालणारी मशीनं मिळतात, थोडी महाग असतात, पण खेडेगावात तेच पैसे सार्थकी लागतात. मी सरळ वेळ बदलली. वेल्डिंग सकाळी, पंप लागायच्या आधी.

आणि एक्स्टेंशन. यावर कुणी बोलत नाही म्हणून सविस्तर लिहितो. घरापासून बागेच्या गेटपर्यंत ३० मीटर वायर टाकली, ती १ चौरस एमएमची असली, आणि मशीनने २० अँपिअर ओढले, तर वीसबावीस व्होल्ट त्या वायरमध्येच संपतात. अडीच चौरस एमएमच्या तांब्याच्या वायरीत तेच नऊच्या आसपास. १८० मधले आणखी वीस गेले तर काय उरलं? अडीचच्या खाली जाऊ नका, जमलं तर चारची घ्या. आणि रीळ पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते आणि इन्सुलेशन वितळतं. घरातला टीव्ही-फ्रिजचा स्टॅबिलायझर इथे उपयोगाचा नाही.

मशीनबरोबर आलेल्या वस्तूंबद्दल फार चांगलं बोलता येणार नाही. होल्डरची केबल दीड-दोन मीटरची, आत अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अर्थ क्लॅम्पचा स्प्रिंग लवकरच ढिला पडला. हातात धरायची काच तर तिथल्या तिथेच ठेवून द्या. १६ चौरस एमएमची तांब्याची केबल आणि बरा क्लॅम्प वेगळा घेतला, आर्क लागण्यात लगेच फरक जाणवला. ऑटो-डार्क हेल्मेट (आर्क लागताच काच आपोआप काळी होणारं) हजार-दीड हजारात येतं आणि शिकणाऱ्याने त्यात काटकसर करू नये, कारण रॉड टेकवण्याआधी जागा दिसणं हेच निम्मं काम. काचेची शेड, म्हणजे काळेपणाचा नंबर, १० किंवा ११ पुरते. चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, ४ इंची ग्राइंडर धरून एकूण खर्च दहा-बारा हजारांवर जातो. मशीनच्याच किमतीचं बजेट धरून निघाल तर अडचणीत याल.

जामसंड्यात फॅब्रिकेशनचं काम करणारे एक काका आहेत. त्यांचं जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन दोघांशिवाय हलत नाही. माझं मशीन एका हाताने उचलून म्हणाले, "ह्या खेळण्यान गेट होतला काय रे?" गेट झालं. पण त्यांचंही खरं आहे: तांब्याच्या गुंडाळ्या आणि लोखंडाचा गाभा, त्यात बिघडण्यासारखं आहे काय? माझ्या खेळण्यात सर्किट बोर्ड आहे, त्याला खारं वारं, मुंग्या आणि पाली हे तिन्ही शत्रू. मागचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो, तिच्याबरोबर मीठही. म्हणून समुद्राच्या तोंडावर बसून मी ते चालवत नाही, पडवीत भिंतीआड ठेवतो. ग्राइंडर चालू असताना ते लांब, नाहीतर लोखंडाची पूड आत जाते. मे अखेरीस ब्लोअरने साफ करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या निळ्या पिंपात बंद केलं. पावसाळ्यात काम निघालं तर बाहेर काढायचं, काम झाल्यावर गार होऊ द्यायचं, परत पिंपात. ऑक्टोबरात सुरू केलं तेव्हा एका स्क्रूवर तांबूस डाग, बाकी काही नाही.

रॉडचं मात्र जास्त जपावं लागतं. ६०१३ हा रॉड सगळ्यात सोयीचा, सहज लागतो, खपली सहज निघते. पण त्याचं आवरण जुलैच्या हवेत ओल धरतं आणि मग आर्क तडतडतो, बीडमध्ये, म्हणजे जोडाच्या रेघेत, बारीक भोकं राहतात. ओल लागलेले रॉड साधारण १०० ते १२० अंशांवर तासभर तापवले की ताळ्यावर येतात. स्वयंपाकघरातला ओव्हन मागितल्यावर घरात काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. कायमचा उपाय म्हणजे ४ इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, एका तोंडाला चिकटवलेलं टोपण, दुसऱ्याला आट्याचं. आत रॉड आणि सिलिका जेल. लहान पाकिटं घ्या, स्वस्त पडतं म्हणून मोठं खोकं नको. ७०१८ च्या नादी घरगुती माणसाने लागू नये. त्याला ३०० अंशांच्या वर भाजावं लागतं.

या मशीनवर पातळ पत्रा जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. १८ गेजचा, म्हणजे १.२ एमएमचा चौकोनी पाइप घेतला तर ७० अँपिअरवर त्याला क्षणात भोक पडतं. करंट ५०-५५ वर आणून, रॉड निगेटिव्हला लावून, ठिपक्याठिपक्याने गेलं तर जमतं, पण पहिल्या महिन्यात डोकं फिरतं. त्यापेक्षा १६ गेज किंवा २ एमएमचा पाइप घ्या. किलोमागे तोच दर, वजन वाढतं तेवढाच खर्च, आणि खाऱ्या हवेत गंजायलाही तेवढी जाडी जास्त मिळते. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप असेल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा आणि उघड्यावर बसा. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

गॅसविना चालणारं मिग मशीनही (रॉडऐवजी रिळावरची तार पुढे सरकवणारं) पाहिलं होतं. पातळ पत्र्याला ते रॉडपेक्षा सोपं. पण किंमत दुप्पट, आणि त्यातली तार दमट हवेत गंजते. गॅसचं मिग तर उघड्यावर नकोच. आमच्याकडच्या दुपारच्या वाऱ्यात जोडाला हवेपासून वाचवणारा गॅस जागेवर टिकतच नाही. साध्या रॉडला त्या वाऱ्याचं फारसं काही वाटत नाही.

काय काय बनवलं? बागेचं गेट, क्रेट ठेवायचा रॅक, पंपावर वांदरांसाठी जाळी, आंबे काढायच्या झेल्याचं कडं. कडं फसवं निघालं, बारीक सळी वितळते. दोन्ही टोकं एकमेकांवर बोटभर चढवून जोडली तेव्हा टिकलं. गेट मात्र भक्कम आहे. वेल्डिंगनंतर खपलीचा कण राहिला तर रंगाखाली गंज पहिला तिथूनच येतो, म्हणून चिपिंग हॅमर आणि तारेच्या ब्रशवर वेळ घालवा. रंग त्याच दिवशी, कारण उघडं लोखंड इथे रात्रीत तांबडं होतं. नुसत्या रेड ऑक्साइडवर माझा भरवसा नाही, जोडांवर झिंकचा प्राइमर आणि वर दोन हात. पाइपची उघडी तोंडंही बंद करा.

पेंढा आणि सुक्या झावळ्या पडवीतून आधी काढा, पाण्याची बादली जवळ असू द्या. ओल्या जांभ्यावर अनवाणी उभं राहून वेल्डिंग करू नका. होल्डरवर साठ-सत्तर व्होल्ट असतात आणि घामाने भिजलेला हातमोजा काही अडवत नाही.

घेण्याआधी दुकानदाराला एकच आणखी विचारा: बोर्ड गेला तर मशीन उघडणार कोण? आमच्या इकडे उत्तर बहुतेक वेळा 'कोल्हापूरला पाठवावं लागेल' असंच येतं. ज्याने जवळच्या दुरुस्तीवाल्याचं नाव सांगितलं, त्याच्याकडून मी पाचशे रुपये जास्त देऊन घेतलं.