प्रिन्स्टनची डिंकी: पाच मिनिटांचा प्रवास आणि मागे मागे सरकलेलं स्टेशन

न्यू जर्सीत राहून प्रिन्स्टनला कायम कार काढून जाणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितेय, एकदा तरी डिंकीने जा. प्रिन्स्टन जंक्शनला मेन लाइनवर उतरायचं आणि तिथून गावात जाणारी ही छोटी ट्रेन पकडायची, एकच डबा नाहीतर फार तर दोन, अंतर २.७ मैल, म्हणजे सव्वाचार किलोमीटरच्या आसपास, आणि पाच मिनिटांत तुम्ही पोचलेले असता. अमेरिकेतली सगळ्यात छोटी कम्युटर लाइन म्हणून हिचं नाव घेतात. मी कितीतरी वेळा गेलेय पण अजून खिडकीचीच जागा शोधते.

पण मला ट्रेनपेक्षा स्टेशनबद्दल सांगायचंय, कारण हे स्टेशन गावापासून हळूहळू लांब गेलंय आणि ते चालत चालत बघता येतं.

आधी रेल्वे कालव्याच्या काठाने जायची. मग १८६० च्या दशकात मेन लाइन तिथून हलवून आता आहे त्या सरळ मार्गावर नेली आणि गाव बाजूलाच पडलं, म्हणून गावाला जोडायला ही फांदी काढली, २९ मे १८६५ ला सुरू झाली. तेव्हा रूळ पार प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसच्या पायथ्याशी येऊन थांबायचे. आता तुम्ही ब्लेअर हॉलची कमान बघायला जाल (सगळे फोटो काढतात तिथे, ही १८९७ ची इमारत) तेव्हा फोटो झाला की जरा मागे वळून पायऱ्यांवरून खाली बघा. एवढा मोठा बुरूज आणि एवढ्या रुंद पायऱ्या कुणासाठी? तर ट्रेनमधून उतरणाऱ्यांसाठी! स्टेशन खाली होतं, उतरलं की समोर पायऱ्या, चढलं की कमानीतून थेट कॉलेजात. मला हे कळलं त्या दिवशी मी त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून होते, खाली रूळ कुठून येत असतील ते डोळ्यासमोर आणत.

१९१८ मध्ये स्टेशन तिथून दक्षिणेला सरकवलं आणि दगडी इमारत बांधली. ती अजून उभी आहे. फुटबॉल मॅचच्या दिवशी इथे खास गाड्या लागायच्या, लाइन तेव्हा डबल ट्रॅक होती. १९३६ ला वीज आली, १९५६ ला परत सिंगल ट्रॅक झाला, मालक बदलत गेले, ते सोडा.

खरा वाद झाला तो दुसऱ्यांदा हलवताना. युनिव्हर्सिटीने स्टेशनची जागा १९८४ लाच विकत घेतलेली, पुढे तिथे आर्ट्स कॉम्प्लेक्स करायचं ठरलं आणि स्टेशन अजून ४६० फूट मागे न्यायचं. गावातल्या लोकांनी 'सेव्ह द डिंकी' म्हणून आंदोलन केलं, कोर्टात गेले, तरी २०१३ ला जुनं टर्मिनस बंद झालं आणि नोव्हेंबर २०१४ ला नवीन उघडलं. आता कुणी म्हणेल ४६० फूट म्हणजे काय, दोन मिनिटं. पण थंडीत, बर्फात, हातात सामान असताना किंवा गुडघे दुखत असताना ती दोन मिनिटं भरपूर असतात, आणि रोज जाणाऱ्याला ती दोनदा चालायची असतात. मला वाटतं लोक भांडले ते बरोबरच होतं. रूळ एकदा उखडले की ते परत कोणी टाकत नाही.

नवीन स्टेशन वाईट मात्र अजिबात नाही हां. रिक जॉय नावाच्या आर्किटेक्टचं डिझाइन, काँक्रिटच्या खांबांची ओळ, उंच वेटिंग हॉल, आत शिरलं की आवाज आपोआप कमी होतो. शेजारीच वावा (खाण्यापिण्याच्या वस्तूंचं दुकान) आहे, कॉफी तिथेच घ्या.

डबे १९७७-७८ चे आहेत, सीट जुन्या, गाडी सुटताना खालून एक गुरगुर येते ती मला फार आवडते. एका डब्याची गाडी असेल तर शेवटच्या स्टेशनला मोटरमन आपलं सामान उचलून डब्यातून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो, डब्याला दोन्हीकडे केबिन आहे ना. लहान मुलं असतील तर त्यांना हे नक्की दाखवा.

माझे पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा त्या ४६० फुटांसाठी कापला.

आणि एक कामाचं, न्यूयॉर्कहून येताना जंक्शनला उतरलात की डिंकी त्याच बाजूला मिळते, पण परत न्यूयॉर्कला जाताना भुयारी रस्त्याने पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर जावं लागतं, त्यामुळे दाराजवळच उभे राहा आणि उतरल्या उतरल्या चालायला लागा.