वाढत्या पिल्लांना काय द्यावं: सरकी ढेप, सोया डीओसी की सुबाभूळ?

बकरीचं तीन महिन्यांचं पिल्लू आईपासून तोडलं, की आमच्याकडे त्याला सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे मळणीनंतरच्या भुशावर, आणि मूठभर मक्याच्या भरड्यावर सोडतात. मीही एक उन्हाळा तसंच केलं. पोटं सुटली, पण पाठीवरून अंगठा फिरवला की एकेक मणका हाताला लागायचा. कुटारात प्रथिनं जेमतेम ५ टक्के, मक्यात ९ च्या आसपास. वाढत्या पिल्लाला एकूण खाद्यात १४ ते १६ टक्के हवीत.

आता १२ किलोच्या पिल्लाचा हिशोब धरा. ते दिवसाला पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास कोरडं खाद्य खातं, म्हणजे साधारण ७० ग्रॅम प्रथिनं. ३०० ग्रॅम कुटारातून १५ मिळाली. उरलेली ५५ कुठून आणायची, प्रश्न तेवढाच आहे.

सरकी ढेप गावात सहज मिळते, म्हशीसाठी घरात असतेच. टरफलासकट पेंडीत प्रथिनं २० ते २२ टक्के, म्हणून ५५ ग्रॅमसाठी अडीचशे ग्रॅम घालावी लागते. इतकी ढेप लहान पिल्लाला मी कधीच देणार नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. मोठ्या जनावराचं पोट ते बऱ्यापैकी पचवतं, पण ज्याचं रवंथ अजून नीट बसलेलं नाही त्याला बाधतं. दूध पिणाऱ्या पिल्लासमोर तर ती ठेवूच नका. ढेप फोडून वास घ्या. कुबट आली किंवा आत हिरवट बुरशी दिसली तर सरळ परत करा.

सोया डीओसीत, म्हणजे तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पेंडीत, ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, त्यामुळे सव्वाशे ग्रॅममध्ये काम होतं. किलोचा भाव ऐकून माणूस मागे सरतो, पण भाव प्रथिनांवर काढा. समजा ढेप ३५ रुपये आणि डीओसी ५० रुपये किलो. ढेपेतलं एक किलो प्रथिन १६० रुपयांच्या घरात जातं, डीओसीतलं १११ ला. तुमच्या बाजारातले भाव टाकून हे गणित स्वतः करा. घरचं कच्चं सोयाबीन मात्र तसंच भरडून देऊ नका. त्यातले पचन अडवणारे घटक उष्णतेनंच मोडतात. द्यायचंच तर भाजून, तेही थोडं.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सुबाभूळ असेल तर माझा कौल आधी तिकडे. वाळल्या पाल्यात २० ते २५ टक्के प्रथिनं, आणि बकरीला वरचा पाला ओरबाडून खायला आवडतो. पण त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असल्यानं एकूण खाद्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ नका, नाहीतर केस झडतात, वाढ खुंटते. अर्धा किलो ओल्या पाल्यातून ३५ ग्रॅम निघतात. उरलेल्या २० साठी ४५ ग्रॅम डीओसी पुरे. डीओसी नसेल तर अकोल्याकडच्या दाल मिलमधली तूर चुनी, म्हणजे डाळ करताना उरलेला चुरा, सव्वाशे ग्रॅमपर्यंत घाला.

सुबाभूळ नसेल तर डीओसी घ्या. सरकी ढेप सहा महिन्यांवरच्या बोकडाला, तीही थोडी.

खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, आणि त्याआधी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची, लस टोचलेली असू द्या. एकदम भारी खुराक पडला, की रात्री चांगलं असलेलं पिल्लू सकाळी गोठ्यात मेलेलं सापडतं.